शेल स्क्रिप्टमधून एचटीएमएल मेल: एका सर्व्हरवर तक्ता नीट दिसतो, दुसऱ्यावर नुसते टॅग

निशाचर

नमस्कार मंडळी. रोज रात्री बॅकअप आटोपला की आमची एक शेल स्क्रिप्ट चालते. कुठला डेटाबेस घेतला, किती वेळ लागला, फाइल केवढी झाली, डिस्कवर जागा किती उरली, याचा तक्ता बनवून ती टीमला मेल करते. तक्ता एचटीएमएलमध्ये आहे, कारण साध्या मजकुरातले रकाने फोनवर वाचवत नाहीत. ओळी मधेच तुटतात आणि कुठला आकडा कशाचा तेच कळत नाही.

मेलसाठी 'मेल' हीच कमांड वापरतोय. विषयासाठी उणे-एस, आणि उणे-ए देऊन त्यापुढे 'कंटेंट-टाइप: टेक्स्ट/एचटीएमएल' हा हेडर (मेलच्या वरच्या माहितीची ओळ). डेबियन लिनक्सवर छान चालतं. तीच स्क्रिप्ट रेड हॅट वळणाच्या लिनक्स मशीनवर नेली तर 'अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही' म्हणून अडते. उणे-ए काढून टाकलं तर मेल जातो, पण उघडल्यावर तक्त्याच्या जागी टेबल, टीआर (ओळ), टीडी (खाना) असे टॅगच टॅग. दोन्हीकडे चालेल असा एकच मार्ग आहे का?

टर्मिनलप्रेमी

'मेल' हे नाव एक असलं तरी त्यामागचे प्रोग्रॅम वेगवेगळे आहेत. डेबियनवर बहुधा बीएसडी-मेलएक्स किंवा जीएनयू मेलयुटिल्स असतो. तिथे उणे-ए म्हणजे 'हा हेडर जोड'. रेड हॅटच्या बाजूला हेअरलूम मेलएक्स किंवा त्याचा वारस एस-नेल असतो आणि तिथे उणे-ए म्हणजे 'ही फाइल जोड'. तुमचा हेडर त्याने फाइलचं नाव समजून शोधला, सापडला नाही, म्हणून ती तक्रार.

एक जुनी युक्ती सांगतात: विषयाच्या मजकुरातच नवी ओळ घालून पुढे कंटेंट-टाइप लिहायचं.

टपालवाट

ती युक्ती कृपा करून कुणी वापरू नका. विषयात नवी ओळ घालून हेडर घुसवणं हे एक प्रसिद्ध भगदाड आहे. उद्या विषयात एखाद्या फाइलचं किंवा ग्राहकाचं नाव आलं आणि त्यात ओळ तुटली, तर बाहेरचा माणूस तुमच्या मेलमध्ये हवा तो हेडर घालू शकतो, अगदी गुपचूप प्रत पाठवण्याचा 'बीसीसी'सुद्धा. हे बंद करण्यासाठी मेल प्रोग्रॅम ही पळवाट बुजवत आले आहेत, त्यामुळे आज चाललं तरी पुढच्या अपडेटनंतर चालेलच असं नाही.

निशाचर, दोन्हीकडे सारखा चालणारा मार्ग म्हणजे 'सेंडमेल' कमांड. पोस्टफिक्स असो, एक्झिम असो की एमएसएमटीपी, मेल पाठवणारे हे सगळे प्रोग्रॅम त्या नावाची कमांड देतात. 'सेंडमेल उणे-टी उणे-आय' चालवायची आणि अख्खा मेल, हेडरसकट, तिला पाइपने द्यायचा. उणे-टी म्हणजे पत्ते हेडरमधून वाच. उणे-आय म्हणजे एखाद्या ओळीवर नुसता पूर्णविराम दिसला तर मेल संपला असं समजू नको. लॉगमधल्या मजकुराचा भरवसा नसतो, म्हणून उणे-आय विसरू नका.

हेडर संपले की एक रिकामी ओळ हवीच. ती राहिली तर मजकुराचा वरचा भाग हेडरमध्ये गिळला जातो.

लिफाफा

टपालवाट यांच्याशी सहमत, फक्त पुढचं पाऊल आत्ताच टाका. नुसता 'टेक्स्ट/एचटीएमएल' मेल पाठवू नका. 'मल्टिपार्ट/अल्टरनेटिव्ह' पाठवा, म्हणजे एकाच मेलमध्ये साधा मजकूरही आणि एचटीएमएलही. वाचणाऱ्याचा प्रोग्रॅम त्यातलं झेपेल ते निवडतो. आतून तो असा दिसतो:

टू: टीमचा पत्ता
सब्जेक्ट: बॅकअप: सर्व ठीक
माइम-व्हर्जन: १.०
कंटेंट-टाइप: मल्टिपार्ट/अल्टरनेटिव्ह; बाउंडरी="सीमारेषा"
(रिकामी ओळ)
--सीमारेषा
कंटेंट-टाइप: टेक्स्ट/प्लेन; चारसेट=यूटीएफ-८
(रिकामी ओळ)
साधा मजकूर
--सीमारेषा
कंटेंट-टाइप: टेक्स्ट/एचटीएमएल; चारसेट=यूटीएफ-८
(रिकामी ओळ)
एचटीएमएल मजकूर
--सीमारेषा--

शेवटच्या सीमेनंतरचे दोन उणे म्हणजे 'संपलं'. आणि क्रम महत्त्वाचा आहे. १९९६ च्या आरएफसी २०४६ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम सांगणारे दस्तऐवज) सांगितलं आहे की भाग चढत्या पसंतीने लावायचे, म्हणजे सगळ्यात चांगला भाग शेवटी. एचटीएमएल आधी आणि साधा मजकूर नंतर ठेवला, तर बरेच प्रोग्रॅम इमानेइतबारे साधा मजकूर दाखवतात आणि माणूस 'माझं एचटीएमएल कुठे गेलं' म्हणून शोधत बसतो.

सुटसुटीत

मला मुळात प्रश्न पडतो, बॅकअपच्या अहवालाला एचटीएमएल हवंच कशाला? साधा मजकूर कुठेही उघडतो, शोधता येतो, फिल्टर लावता येतो. रात्री सर्व्हर आडवा झाल्यावर टर्मिनलमधून मेल वाचायची वेळ येते, तेव्हा टॅगांच्या जंगलात एक आकडा शोधणं नको वाटतं. विषयात 'ठीक' किंवा 'नापास' आणि आत दहा ओळी, एवढ्यावर काम भागतं.

लिफाफा

सुटसुटीत, तुमचा मुद्दा रास्त आहे, आणि म्हणूनच मी दोन भागांचा आग्रह धरतोय. टर्मिनलवाल्याला साधा भाग मिळतो. पण तक्त्याच्या बाबतीत निशाचर यांचं म्हणणं खरं आहे. साध्या मजकुरात रकाने जुळवायला आपण मोकळ्या जागा भरतो आणि वाचणाऱ्याकडे प्रत्येक अक्षर सारख्याच रुंदीचं असेल असं गृहीत धरतो. फोनवरच्या मेल ॲपमध्ये ते तसं नसतं. देवनागरीत तर विचारूच नका, जोडाक्षरं आणि मात्रांमुळे 'इतकी अक्षरं म्हणजे इतकी रुंदी' हे गणितच बसत नाही. तिथे खरा तक्ताच लागतो.

फक्त साधा भाग 'हा मेल बघण्यासाठी एचटीएमएल चालू करा' एवढ्या एका ओळीवर उरकू नका. त्यात खरी बातमी हवी: काय चाललं, काय पडलं, आता काय करायचं. मी आधी साधा भाग लिहितो आणि तो एकट्याने पुरेसा झाला की मगच एचटीएमएलला हात लावतो. एचटीएमएलमध्ये फक्त तक्ता जास्तीचा.

निशाचर

सेंडमेलने दोन्ही सर्व्हरवर तक्ता दिसायला लागला. सगळ्यांचे मनापासून आभार.

आता नवीनच गंमत. डेटाबेस वाढले तसा तक्ता लांबला, आणि मधेच कुठेतरी अचानक उद्गारचिन्ह येतं. एका मशीनवर उद्गारचिन्ह, दुसऱ्यावर आकड्याच्या मधोमध मोकळी जागा. काल 'शिल्लक १२ ४०' असं आलं, मूळ आकडा १२४० होता. स्क्रिप्टने लिहिलेली फाइल उघडून बघितली, तीत सगळं बरोबर आहे.

टपालवाट

तुमचा तक्ता एकाच लांबलचक ओळीत जातोय का? लूपमध्ये टीआर-टीडी जोडत जाताना ओळ मोडलेली नसेल.

आरएफसी ५३२२ प्रमाणे मेलमधली एक ओळ, शेवटची ओळमोड सोडून, ९९८ अक्षरांपेक्षा मोठी असता कामा नये. ७८ च्या आत ठेवा अशी शिफारस आहे. ओळ लांबली की मधला सर्व्हर ती स्वतःच्या मर्जीने तोडतो. मूळ सेंडमेल तोडताना उद्गारचिन्ह टाकून नवी ओळ घेतो. पोस्टफिक्स नवी ओळ आणि एक मोकळी जागा घालतो. तुमची दोन्ही लक्षणं तंतोतंत तीच आहेत. तोडण्याची जागा टॅगच्या पोटात आली तर रंग उडतो, लिंकमध्ये आली तर लिंक मरते आणि आकड्यात आली तर वाचणारा चुकीचा आकडा वाचतो. अहवालाच्या मेलमध्ये हा शेवटचा प्रकार सर्वांत वाईट, कारण मेल दिसायला धडधाकट असतो.

तात्पुरतं म्हणून प्रत्येक टीआरनंतर नवी ओळ घाला. पक्का उपाय मात्र एन्कोडिंगचा. प्रत्येक भागाला 'कंटेंट-ट्रान्सफर-एन्कोडिंग: बेस६४' हा हेडर द्या (बेस६४ म्हणजे मजकूर साध्या इंग्रजी अक्षर-अंकांत बदलण्याची पद्धत) आणि मजकूर 'बेस६४' कमांडमधून काढा. ती कमांड ओळी ७६ अक्षरांवर मोडते. मग वाटेत कुणी काही तोडायचा प्रश्नच उरत नाही.

वाचनमात्र

बेस६४ ऐवजी क्वोटेड-प्रिंटेबल चालेल ना? कच्चा मेल डोळ्यांनी वाचता येतो म्हणून मला ते बरं वाटतं.

टपालवाट

मजकूर इंग्रजी असेल तर जरूर. देवनागरीला ते महाग पडतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइटचं. क्वोटेड-प्रिंटेबलमध्ये प्रत्येक बाइटचं बरोबरचिन्ह अधिक दोन अंक असं रूप होतं, म्हणजे एका चिन्हाला नऊ अक्षरं. बेस६४ मध्ये तीन बाइटची चार. आणि 'क'ला काना लावला की तो काना हे वेगळं चिन्ह, त्याची नऊ वेगळी. त्या रूपात मराठी डोळ्यांनी वाचणंही शक्य नाही, म्हणजे तो फायदाही गेला.

टर्मिनलप्रेमी

आणखी एक लक्षण इथे नोंदवून ठेवतो, शोधत येणाऱ्यांच्या उपयोगी पडेल. मेल येतो, पण मजकूर रिकामा आणि सोबत 'एटीटी००००१.बिन' नावाची जोडणी. हेअरलूम मेलएक्सला मजकुरात कंट्रोल अक्षर दिसलं, किंवा सिस्टिमच्या भाषेत न बसणारं अक्षर दिसलं, की तो म्हणतो हा मजकूर नव्हे, बायनरी फाइल आहे. कारणं नेहमीची: विंडोजवरून आलेल्या फाइलमधला ओळीच्या शेवटचा जादा बाइट, टर्मिनलचे रंग देणारे एस्केप कोड, किंवा क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम) भाषा सांगणारं 'लँग' सेट नसणं. हाताने चालवलं की नीट, क्रॉनमधून चालवलं की जोडणी, असं झालं तर आधी लँग तपासा.

काळाचौकोन

क्रॉनचा विषय निघालाच आहे तर. क्रॉनटॅबच्या, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीच्या, ओळीत टक्केवारीचं चिन्ह म्हणजे नवी ओळ. विषयात तारीख घालायला म्हणून 'डेट' कमांड तिथेच लिहिली की टक्क्यापाशी कमांड कापली जाते आणि उरलेला तुकडा तिला इनपुट म्हणून जातो. टक्क्यामागे उलटी तिरकी रेघ द्या. त्यापेक्षा सगळं स्क्रिप्टमध्ये ठेवा आणि क्रॉनटॅबमध्ये फक्त स्क्रिप्टचा पूर्ण मार्ग लिहा.

तुमच्याकडे क्रोनी (क्रॉनचाच एक प्रकार) असेल तर क्रॉनटॅबच्या वर 'कंटेंट_टाइप' हे व्हेरिएबल देता येतं. मग स्क्रिप्टने जे छापलं ते क्रॉन स्वतःच एचटीएमएल म्हणून मेल करतो. छोट्या कामाला हे पुरे. पण स्क्रिप्ट मधेच मेली तर तिचा एरर संदेशही एचटीएमएल समजूनच जातो आणि नको तेव्हा अर्धवट दिसतो. म्हणून महत्त्वाच्या कामाला नको.

खिडकी७

विंडोजवाल्यांसाठी चार ओळी. पॉवरशेलमध्ये 'सेंड-मेलमेसेज'ला 'बॉडी-ॲज-एचटीएमएल' दिलं की झालं, असं सगळीकडे लिहिलेलं सापडतं. तीन गोष्टी ध्यानात ठेवा. 'कन्व्हर्टटू-एचटीएमएल' ओळींची यादी परत देतं, ती 'आउट-स्ट्रिंग'मधून काढून मगच बॉडीला द्या. विंडोजसोबत येणाऱ्या ५.१ मध्ये एन्कोडिंग मुळात आस्की (फक्त इंग्रजी अक्षरं) असतं, म्हणून यूटीएफ-८ सांगितलं नाही तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. आणि मायक्रोसॉफ्टने ही कमांड कालबाह्य ठरवली आहे, ती सुरक्षित जोडणीची हमी देत नाही. नवीन काम 'मेलकिट' लायब्ररीवर करा.

निशाचर

बेस६४ ने उद्गारचिन्हं गेली. पण स्क्रिप्ट आता फार गुंतागुंतीची दिसायला लागली आहे. शेलमध्येच राहावं की पायथनकडे जावं?

लिफाफा

जा. मेलची रचना हाताने शिवायचं काम शेलचं नाही. ती कशी असते हे कळावं म्हणून वर उलगडून दाखवली, पण रोजच्या वापरात ते लायब्ररीवर सोडा.

पायथन ३.६ पासून 'ईमेलमेसेज' हा क्लास पक्का झाला आहे. 'सेट_कंटेंट' मध्ये साधा मजकूर द्या. मग 'ॲड_अल्टरनेटिव्ह' मध्ये एचटीएमएल, आणि 'सबटाइप' म्हणून 'एचटीएमएल'. फाइल जोडायची तर 'ॲड_अटॅचमेंट'. भागांचा क्रम, सीमारेषा, एन्कोडिंग, लांब ओळी, सगळं तो बघतो. मराठी विषयाचंही तोच करतो. हेडरमध्ये आस्कीबाहेरची अक्षरं थेट लिहायची नसतात, त्यासाठी आरएफसी २०४७ चं बरोबरचिन्ह-प्रश्नचिन्हवालं रूप लागतं आणि त्यातला एकेक तुकडा ७५ अक्षरांच्या आत ठेवावा लागतो. शेलमध्ये हे हाताने करताना नेमकं एखादं अक्षर मधोमध तुटतं.

विषयात चुकून नवी ओळ आली तर हा क्लास एरर देऊन थांबतो. म्हणजे टपालवाट यांनी सांगितलेलं भगदाडही बंद.

इंटरनेटवरची बरीच उदाहरणं जुन्या 'माइममल्टिपार्ट' आणि 'माइमटेक्स्ट' पद्धतीची आहेत. ती चालतात, पण नवीन लिहिताना त्यांची गरज नाही.

काळाचौकोन

पाठवताना 'एसएमटीपीलिब'ला (पायथनची मेल पाठवणारी लायब्ररी) टाइमआउट द्यायला विसरू नका. मुळात तो नसतो. पलीकडचा सर्व्हर गप्प बसला तर स्क्रिप्ट तशीच लटकते, दुसऱ्या रात्रीची तिच्यावर चढते. पोर्ट ५८७ असेल तर आधी 'स्टार्टटीएलएस', म्हणजे जोडणी टीएलएसने सुरक्षित करणं, मग लॉगिन. ४६५ असेल तर सुरुवातीपासूनच टीएलएस, त्यासाठी 'एसएमटीपी_एसएसएल' वापरायचं. २५ हा सर्व्हर-सर्व्हरमधला, स्क्रिप्टने तिथे जाऊ नये. आणि पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहू नका.

जीमेलच्या खात्यावरून पाठवत असाल तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही. 'कमी सुरक्षित ॲप'ची सोय वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून बंद झाली. टू-स्टेप पडताळणी चालू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड घ्यावा लागतो.

वाचनमात्र

तक्त्यात लॉगमधल्या ओळी घालतो, त्यांतल्या काही अर्धवटच दिसतात. 'आकार <' इथपर्यंत येतं, पुढचं गायब.

टर्मिनलप्रेमी

पुढचं सगळं मेल प्रोग्रॅमने टॅग समजून गिळलं. बाहेरून आलेला प्रत्येक मजकूर एचटीएमएलमध्ये घालण्याआधी एस्केप करा: '<', '>', '&' आणि अवतरणचिन्हं. पायथनमध्ये 'एचटीएमएल.एस्केप' त्यासाठीच आहे. जिंजा२ टेम्प्लेट वापरत असाल तर 'ऑटोएस्केप' मुद्दाम चालू करा, ते मुळात बंद असतं. पांडाज या पायथनच्या तक्त्यांच्या लायब्ररीचं 'टू_एचटीएमएल' मात्र हे आपणहून करतं.

हे नुसतं दिसण्यापुरतं नाही. वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये कुणीही बाहेरून हवा तो मजकूर लिहवून घेऊ शकतो. एस्केप केलं नाही तर परक्या माणसाची लिंक तुमच्या अहवालात, तुमच्या नावाने, टीमसमोर जाते.

निशाचर

पायथनमध्ये बदललं. खूपच मोकळं वाटतंय. आता दिसण्याचा प्रश्न: ब्राउझरमध्ये सुंदर दिसणारं पान आउटलुकमध्ये पार विस्कटतं. मांडणीसाठी सीएसएसचं फ्लेक्सबॉक्स वापरलंय.

लिफाफा

विंडोजवरचं जुनं आउटलुक, २००७ च्या आवृत्तीपासून, मेल दाखवायला ब्राउझरचं नाही तर वर्डचं इंजिन वापरतं. त्याला फ्लेक्सबॉक्स माहीत नाही, गोल कोपरे माहीत नाहीत, 'मॅक्स-विड्थ'ही तो मानत नाही. नवं आउटलुक वेबच्या वळणाचं आहे, पण कोण काय वापरतं ते तुमच्या हातात नाही. तेव्हा मांडणीसुद्धा टेबलनेच करा, रुंदी साधारण ६०० पिक्सेल ठेवा आणि मोकळी जागा टीडीच्या पॅडिंगने द्या. जे टेबल फक्त मांडणीसाठी आहे त्याला 'रोल' म्हणून 'प्रेझेंटेशन' द्या, म्हणजे स्क्रीनरीडर वापरणाऱ्याला उगाच 'तक्ता, दोन ओळी' असं ऐकावं लागत नाही.

स्टाइल शक्यतो टॅगमध्येच लिहा. जीमेल २०१६ पासून हेडमधला स्टाइल ब्लॉक मानतं, तरी फॉरवर्ड करताना तो हरवू शकतो. जावास्क्रिप्ट मेलमध्ये चालत नाही, विषय संपला.

आणि आकार बघा. जीमेल १०२ केबीच्या पुढचा एचटीएमएल मेल कापतं आणि खाली 'पूर्ण संदेश पाहा' अशी लिंक देतं. मोठ्या तक्त्यात प्रत्येक टीडीला लांबलचक स्टाइल लावली की ही मर्यादा लवकर गाठली जाते. बिघडलेल्या ओळी वर आणा, बाकीचा पूर्ण तक्ता सीएसव्ही करून जोडा.

सुटसुटीत

तुमच्या सगळ्यांचं वाचून माझं मत थोडं सैल झालंय. एक भर घालतो: 'नापास'ला नुसता लाल रंग देऊ नका, शब्द लिहा. डार्क मोडमध्ये मेल ॲप रंग आपल्या मनाने फिरवतात आणि सगळ्यांना लाल-हिरवा वेगळा दिसतोच असं नाही.

वाचनमात्र

डिस्कच्या वापराचा आलेख घालायचा आहे. चित्र बेस६४ करून थेट आयएमजी टॅगमध्ये भरलं, जीमेलमध्ये दिसत नाही.

लिफाफा

असं टॅगमध्येच भरलेलं चित्र, म्हणजे डेटा यूआरआय, जीमेल दाखवत नाही. चित्र मेलचाच एक भाग म्हणून 'ॲड_रिलेटेड'ने जोडा, त्याला 'मेक_एमएसजीआयडी'ने कंटेंट-आयडी द्या आणि आयएमजीच्या सोर्समध्ये 'सीआयडी:' लिहून पुढे तो आयडी. हेडरमध्ये तो < > या कंसांसकट असतो, सोर्समध्ये कंस काढून लिहायचा. बहुतेकदा तिथेच अडतं. आणि 'ॲड_रिलेटेड' अख्ख्या मेलवर नाही, एचटीएमएलच्या भागावर लावायचं. 'ऑल्ट'मध्ये आलेखाचं सार लिहा, 'डिस्क ८१ टक्के भरली' असं.

निशाचर

टीमबाहेरच्या एका पत्त्यावर मेल थेट स्पॅममध्ये जातोय. एचटीएमएलमुळे असेल का?

टपालवाट

एचटीएमएलपेक्षा ओळखपत्राचा प्रश्न असण्याची शक्यता जास्त. आलेल्या मेलचं मूळ रूप उघडा आणि 'ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स' हा हेडर वाचा. मेल खरंच त्या डोमेनकडून आला का हे पडताळणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिघांपुढे 'पास' लिहिलंय का?

स्क्रिप्टच्या बाबतीत ठरलेली भानगड अशी. 'फ्रॉम'मध्ये तुम्ही संस्थेचा पत्ता लिहिता, पण पाकिटावरचा पत्ता, म्हणजे रिटर्न-पाथ, सर्व्हरच्या आतल्या नावाचा असतो. एसपीएफ तपासतं पाकिटावरचं डोमेन. डीमार्कला एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी फ्रॉमच्या डोमेनशी जुळलेलं हवं. सेंडमेलला उणे-एफ देऊन पाकिटावरचा पत्ता बदलता येतो. त्याहून बरं म्हणजे सर्व्हरवरून थेट न पाठवता संस्थेच्या अधिकृत मेल सर्व्हरमधून ५८७ ने पाठवा, डीकेआयएमची सही तिथे आपोआप होते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम असणं सक्तीचं आहे. दिवसाला ५००० च्या वर पाठवणाऱ्यांना दोन्ही, शिवाय डीमार्क.

'ऑटो-सबमिटेड: ऑटो-जनरेटेड' हा हेडरही घाला. आरएफसी ३८३४ मधला आहे. कुणी रजेवर असलं की त्याचं आपोआप जाणारं उत्तर तुमच्या स्क्रिप्टच्या पेटीत येऊन पडत नाही.

काळाचौकोन

चाचणी खऱ्या पत्त्यांवर करू नका. मेलपिट हा चाचणीचा मेल सर्व्हर आपल्या मशीनवर चालवा, स्क्रिप्टला पोर्ट १०२५ द्या आणि ब्राउझरमध्ये ८०२५ वर मेल बघा. साधा भाग, एचटीएमएल, कच्चा मेल, तिन्ही दिसतात आणि बाहेर काही जात नाही. जुन्या लेखांमध्ये पायथनचं 'एसएमटीपीडी' मॉड्यूल सुचवलेलं असतं, ते ३.१२ मध्ये काढून टाकलं आहे. त्याऐवजी 'एआयओएसएमटीपीडी'.

खिडकी७

एक शेवटचा प्रश्न माझाही. अहवाल आला नाही तर काय समजायचं? बॅकअप पडला, की मेल पडला?

टपालवाट

या धाग्यावरचा सर्वांत कळीचा प्रश्न हाच आहे.

आधी हे बघा: 'एसएमटीपीलिब' सगळेच पत्ते नाकारले गेले तरच एरर देतं. पाचपैकी चार नाकारले आणि एक स्वीकारला, तर 'सेंड_मेसेज' बिनबोभाट संपतं आणि नाकारलेल्यांची डिक्शनरी परत देतं. ती कुणी बघत नाही. ती रिकामी नसेल तर लॉगमध्ये लिहा आणि स्क्रिप्ट शून्याव्यतिरिक्त कोड देऊन संपवा.

दुसरं, सर्व्हरने 'स्वीकारला' म्हणजे पोचला असं नव्हे. न पोचलेला मेल रिटर्न-पाथवर परत येतो. ती पेटी खरी असावी आणि कुणीतरी ती उघडावी.

तिसरं, मेल पाठवण्याचं काम बॅकअपच्या स्क्रिप्टच्या शेवटी चिकटवू नका. बॅकअपने निकाल एका फाइलमध्ये लिहायचा. दुसरी स्क्रिप्ट, जमलं तर दुसऱ्या मशीनवरून, ठरल्या वेळी ती फाइल उघडते. फाइल नसेल किंवा कालची असेल तर 'निकाल मिळाला नाही' असाच मेल जातो, विषयात तोच मजकूर, वर तोच तक्ता रिकामा. आणि त्या दुसऱ्या मशीनकडून ठरल्या वेळेपर्यंत काहीच आलं नाही तर मेलवर अवलंबून नसलेली सूचना हवी, एसएमएस किंवा मॉनिटरिंगचा अलार्म.

निशाचर

ती डिक्शनरी आत्ताच छापून बघितली. त्यात दोन पत्ते आहेत, दोन्ही खाती बंद झालेल्यांची. यादीतून काढले. निकालाची फाइल आणि पाठवणारी स्क्रिप्ट वेगळी करायला घेतोय. दुसऱ्या मशीनवर क्रॉन लावायची परवानगी मागितली आहे.